बाल्कनच्या घाटवाटा : मोटारीने निघण्यापूर्वी

दुब्रोव्हनिक ते कोटोर हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगाव गाठण्याहून कमी. मे महिन्यातील एखाद्या सकाळी ते दोन तासांत कापता येते आणि ऑगस्टमधल्या शनिवारी त्यालाच चार-पाच तास लागू शकतात. रस्ता तोच, गाडीही तीच. फरक पडतो तो क्रोएशिया-मॉन्टेनेग्रो सीमेवरील रांगेमुळे आणि पुढे कोटोरच्या आखाताला वळसा घालणाऱ्या अरुंद किनारी रस्त्यामुळे. बाल्कन प्रदेशात मोटारीने फिरण्याचा बेत आखणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो. नकाशावर देश लहान दिसतात, गावे जवळजवळ दिसतात आणि दहा दिवसांत सहा देश सहज बसतील असे वाटू लागते. प्रत्यक्षात इथे अंतर मोजायचे ते तासांनी, सीमांनी आणि खिंडींनी.

‘बाल्कन’ हा शब्द तुर्की; अर्थ झाडीने झाकलेला डोंगर. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेपासून ग्रीसपर्यंत पसरलेल्या या द्वीपकल्पात सपाट जमीन थोडी आणि डोंगर फार. पश्चिमेकडील दिनारिक पर्वतरांग चुनखडीची आहे. पाण्यात विरघळणाऱ्या या दगडातून नद्यांनी खोल घळी कोरल्या, कित्येक प्रवाह जमिनीखाली लुप्त झाले आणि वर उघडे, करडे, झिजलेले कडे उरले. हे कडे थेट एड्रियाटिक समुद्रात उतरतात. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये कोकणाची पट्टी तरी आहे. कोटोरला तीही नाही. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर चढायला इथे तासाभराचा रस्ता पुरतो. या प्रदेशातील मोटारप्रवासाचे आकर्षण त्यातच आहे, आणि धोकाही.

सगळा बाल्कन नको, एक गाठ पुरे

रुमानियातील ट्रान्सफगराशान हा रस्ता चित्रफितींमुळे जगभर गाजला आहे. चाउशेस्कूच्या राजवटीत १९७० ते १९७४ या काळात लष्कराने बांधलेला हा रस्ता कार्पेथियन पर्वतात २००० मीटरच्या वर जातो आणि साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर एवढाच काळ पूर्ण खुला असतो. त्याच्या पश्चिमेचा ट्रान्सअल्पिना त्याहूनही उंच, २१४५ मीटर. दोन्ही पाहण्यासारखे आहेत, यात वाद नाही. पण ते एड्रियाटिकच्या किनाऱ्यापासून एका दिवसात गाठण्याजोगे नाहीत. दुब्रोव्हनिकला उतरून ट्रान्सफगराशान पाहून परत येणाऱ्याचे निम्मे दिवस महामार्गावर जातात. रुमानिया-बल्गेरिया ही वेगळी सहल आहे. दक्षिण अल्बानियातील लोगारा खिंड आणि तिच्याखालची निळी किनारपट्टीही तिराना-व्लोरा अशा निराळ्या फेरीत बसते. तिथे जुलै २०२४ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्याने मुख्य वाहतूक खालून जाते आणि १०२७ मीटरवरील जुना घाटरस्ता शांत झाला आहे. तिकडे जाणाऱ्याने दिशादर्शक ॲपचे न ऐकता जुन्या रस्त्यानेच चढावे.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठी सर्वांत भरीव गाठ म्हणजे दक्षिण क्रोएशियाचे टोक, मॉन्टेनेग्रो आणि उत्तर अल्बानिया. मॉन्टेनेग्रोचे क्षेत्रफळ १३,८१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपटीहूनही कमी. तरीही त्यात आखात, बर्फाची शिखरे, युरोपातील सर्वांत खोल घळींपैकी एक आणि द्वीपकल्पातील सर्वांत मोठे सरोवर सामावले आहे. बारा रात्री हाताशी असल्या तर या गाठीला न्याय देता येतो. आठच असतील तर अल्बानिया वगळावा. मात्र दुर्मितोरच्या रात्री कमी करू नयेत.

आखातापासून खिंडीपर्यंत

पहिल्या दोन रात्री दुब्रोव्हनिकला. विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेण्याचा मोह टाळावा. जुन्या शहरात मोटारीला प्रवेश नाही, बाहेर वाहनतळ महाग आहेत आणि रात्रभराच्या प्रवासानंतर उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा पहिला धडा घेणे शहाणपणाचे नाही. गोव्याच्या वाचकाला या शहराशी एक जुना धागाही सापडेल. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्राझचे चर्च आहे. सोळाव्या शतकात गोव्यात व्यापारासाठी आलेल्या रागुझाच्या, म्हणजे तेव्हाच्या दुब्रोव्हनिकच्या, लोकांशी त्याचा संबंध जोडला जातो. हाच संत, स्थानिक भाषेत व्लाहो, दुब्रोव्हनिकचा रक्षक मानला जातो आणि त्याच्या मूर्ती तटबंदीच्या वेशींवर आजही दिसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर सीमा ओलांडून कोटोरच्या आखातात उतरावे. मुख्य नाके देबेली ब्रियेग येथे आहे. किनाऱ्याकडे कोबिला नावाचे एक छोटे नाकेही आहे आणि गर्दीच्या दिवसांत ते पर्याय ठरते. आखाताच्या चिंचोळ्या भागात कामेनारी ते लेपेताने अशी मोटारींसाठी फेरीबोट दिवसभर चालते. गोमंतकीयांना या व्यवस्थेचे नवल नाही: रांगेत गाडी लावायची, दहा मिनिटांत पलीकडे. पण पेरास्त गावाचे आणि त्यासमोरच्या दोन छोट्या बेटांचे दर्शन घ्यायचे असेल, तर फेरीबोट सोडून आखाताला पूर्ण वळसा घालणेच बरे. कोटोर किंवा पेरास्तला दोन रात्री पुरेत. पर्यटक जहाजे दिवसा येऊन संध्याकाळी निघून जातात; तटबंदीतले कोटोर खरे पाहायचे ते त्यानंतर, नाहीतर सकाळी आठच्या आत.

कोटोरहून लोव्चेन पर्वतावर चढणारा जुना रस्ता ही या सहलीतील पहिली कसोटी. एका पाठोपाठ एक अशी २५ वळणे, प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खाली ऑस्ट्रिया-हंगेरीचे कोटोर आणि वर मॉन्टेनेग्रोचे संस्थान अशी स्थिती असताना, दोन राज्यांना जोडण्यासाठी तो बांधला गेला. अभियंत्याने राणी मिलेनाच्या नावाचे आद्याक्षर वळणांतून डोंगरावर गिरवले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे कोणी सांगावे. वरून पाहिले की अक्षर शोधण्याचा मोह मात्र होतो. रस्ता कित्येक ठिकाणी जेमतेम एका बसच्या रुंदीचा आहे. सकाळी आठच्या आत चढाई सुरू केली तर पर्यटक बसगाड्या आडव्या येत नाहीत. दहानंतर निघालेल्याला एखाद्या वळणावर बस समोर उभी दिसते आणि मागे चार गाड्या असताना उलट उतरत जागा शोधावी लागते. ज्याला उतारावर गाडी मागे घेण्याची सवय नाही, त्याने हा रस्ता दुपारी मुळीच धरू नये. बुड्व्यामार्गे त्सेतिन्येला जाणारा रुंद रस्ता आहे. त्यात कमीपणा काही नाही.

वर न्येगुशी गाव लागते. धुरी दिलेले मांस आणि चीज यांसाठी ते प्रसिद्ध. शाकाहाऱ्याने चीज-पाव मागावा. पुढे येझेर्स्की व्रह या १६५७ मीटर उंच शिखरावर पेतार दुसरा पेत्रोविच-न्येगोश याची समाधी आहे. राज्यकर्ता, धर्मगुरू आणि कवी अशी तिन्ही नाती एकाच माणसात असलेला हा पुरुष अवघे ३७ वर्षांचे आयुष्य जगून १८५१ मध्ये गेला. शिल्पकार इव्हान मेश्ट्रोविच याच्या आराखड्याची ही समाधी १९७४ मध्ये पुरी झाली. वाहनतळापासून ४६१ पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांतील बऱ्याचशा डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यातून. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हे आधी सांगितलेले बरे.

तेथून त्सेतिन्ये आणि निक्शिचमार्गे झाब्लियाक. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, तरी समाधी पाहून निघालेल्याचा सगळा दिवस त्यात जातो. झाब्लियाक १४५६ मीटर उंचीवर वसले आहे आणि दुर्मितोर राष्ट्रीय उद्यानाचे ते प्रवेशद्वार. १९८० पासून हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. इथे तीन रात्री राहावे. त्यांतील एखादा दिवस पावसाधुक्यात जाईल असे धरूनच तीन. पर्वतात राखीव दिवस नसलेला आराखडा म्हणजे चतुर्थीला सुट्टी नसलेला आराखडा.

झाब्लियाकहून प्लुझिनेकडे जाणारा रस्ता सेड्लो खिंडीतून जातो. ‘सेड्लो’ म्हणजे खोगीर. १९०७ मीटरवर दोन शिखरांमधली ती बाकदार जागा पाहिली की नाव पटते. जूनपूर्वी इथे बर्फ असू शकते. डांबर आहे, पण रस्ता एका गाडीचा; ठरावीक अंतरावर बाजूला थांबायला जागा. झाडे मागे पडतात आणि गवताचे उघडे पठार सुरू होते, जिथे धनगर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन लाकडी झोपड्यांत राहायला येतात. अशा वस्तीला ‘कातुन’ म्हणतात आणि तिथे दूध-साय-चीजवर जेवण मिळते. मक्याच्या पिठाचा, साय घालून घोटलेला ‘काचामाक’ हा पदार्थ शाकाहाऱ्यांना चालतो आणि थंडीत पोटभरीचा होतो. पन्नासेक किलोमीटरचा हा टप्पा थांबत-थांबत तीन तासांचा धरावा. शेवटी रस्ता कड्यात कोरलेल्या, दिवे नसलेल्या बोगद्यांतून गोल गोल उतरत पिवा जलाशयावर येतो.

हा जलाशय १९७० च्या दशकात म्रातिन्ये धरणामुळे झाला; धरणाची भिंत २२० मीटर उंच. जुने प्लुझिने गाव पाण्याखाली गेले, पण सोळाव्या शतकातील पिवा मठ दगड दगड सुटा करून, भित्तिचित्रांचे तुकडे अलगद काढून, उंचावर पुन्हा उभारला गेला. हे काम १९६९ ते १९८२ इतके चालले. साळावली धरणात गेलेल्या कुर्डी गावाचे महादेव मंदिर असेच हलवले गेले, हे ठाऊक असलेल्या सांगेकडच्या वाचकाला पिवा मठ परका वाटणार नाही.

दुर्मितोरच्या दुसऱ्या अंगाला तारा नदीची घळ आहे. लांबी सुमारे ८२ किलोमीटर, खोली काही ठिकाणी १३०० मीटर. तिच्यावरील जुर्जेविचा तारा पूल पाच कमानींचा, ३६५ मीटर लांब, नदीपात्रापासून १७२ मीटर उंच. तो १९४० मध्ये पुरा झाला. दोनच वर्षांनी इटालियन फौजांची वाट अडवण्यासाठी त्याची एक कमान उडवण्यात आली आणि ती उडवण्यात पूल बांधणाऱ्या अभियंत्यांपैकीच एक, लाझार याउकोविच, सहभागी होता. इटालियनांनी त्याला पकडून ठार केले. युद्धानंतर १९४६ मध्ये पूल दुरुस्त झाला. आज तिथे तारेला लटकून दरी ओलांडण्याचा खेळ जोरात चालतो. पुलाच्या टोकाशी असलेले याउकोविचचे स्मारक मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

पुढचा मुक्काम एका रात्रीचा, श्कोदर सरोवराकाठी. मॉन्टेनेग्रोत त्याला स्कादर म्हणतात. मग सीमा ओलांडून अल्बानियातील श्कोदर शहर आणि तिथून थेथ. अल्बानियन आल्प्सना स्थानिक लोक ‘शापित पर्वत’ म्हणतात. थेथचा रस्ता काही वर्षांपूर्वीपर्यंत कच्चा होता आणि त्याला उंच जीपगाडीच लागे. आता गावापर्यंत डांबर पोहोचल्याने साधी मोटार जाते. पण १७०० मीटरच्या आसपासच्या खिंडीनंतरची उतरण अरुंद आहे आणि पुष्कळ ठिकाणी कठडा नाही. श्कोदरपासून सुमारे ७५ किलोमीटरला अडीच तास धरावे, अंधार पडण्याआधी पोहोचावे, आणि इंधनाची टाकी व रोख रक्कम श्कोदरलाच भरून घ्यावी.

थेथमध्ये दोन रात्री. येथील दगडी बुरुजवजा घर पाहण्यासारखे आहे. ‘कानुन’ या परंपरागत कायद्यानुसार खुनाचा सूड हे कुटुंबाचे कर्तव्य ठरे. ज्याच्या जिवावर बेतले तो माणूस अशा बुरुजात स्वतःला कोंडून घेई आणि बाहेर तडजोडीची बोलणी चालत. त्याच कायद्याने पाहुण्याचे रक्षण हेही तितकेच कडक कर्तव्य ठरवले होते. १९०८ मध्ये या डोंगरांतून फिरलेली इंग्रज प्रवासी एडिथ डरहॅम हिच्या ‘हाय अल्बेनिया’ या पुस्तकात या दोन्ही गोष्टी दिसतात. आजची अतिथिगृहे म्हणजे बहुधा घरातल्याच खोल्या. रात्रीचे जेवण आणि न्याहारी घरच्या मळ्यातली. मांस नको हे आरक्षणाच्या वेळीच कळवले तर भाजी, चीज, मक्याची भाकरी असे ताट मिळते.

परतीला श्कोदरहून सुकोबिन नाक्याने उल्त्सिन्यचा किनारा, तिथे एक रात्र, आणि शेवटची रात्र पुन्हा दुब्रोव्हनिकला. ही शेवटची रात्र चैनीसाठी नाही. उड्डाणाच्या दिवशीच सीमा ओलांडायची ठरवली आणि नाक्यावर तीन तास गेले, तर विमान थांबत नाही.

शिक्के कोणत्या क्रमाने पडतात

हा क्रम निसर्गाने ठरवलेला नाही. तो व्हिसाने ठरवला आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, बोस्निया आणि सर्बिया बाहेर आहेत. दुब्रोव्हनिकहून कोटोरला गेलेला प्रवासी शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परत येताना दुसऱ्यांदा प्रवेश करतो. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो पहिल्याच फेरीत संपलेला असतो आणि परतीचे विमान पलीकडे उभे असते. म्हणून अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा, आणि सोबतच्या कार्यक्रमपत्रिकेत बाहेर जाऊन परत येण्याच्या तारखा स्पष्ट दाखवाव्यात. व्हिसा हाती आला की त्यावरील प्रवेशसंख्येचा रकाना वाचल्याशिवाय पुढचे पैसे भरू नयेत.

मॉन्टेनेग्रो वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना सध्याच्या नियमांनुसार ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय येऊ देतो. अल्बानियाची अट एक पायरी पुढची आहे: शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा तर हवाच, पण तो आधी एकदा शेंगेन देशात वापरलेलाही हवा. कोरा व्हिसा घेऊन थेट तिरानाला उतरणाऱ्याची तिथे अडचण होऊ शकते; दुब्रोव्हनिकला आधी उतरलेल्याची होत नाही. ज्याला अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला नाही, त्याने अल्बानियाचा स्वतंत्र ई-व्हिसा घ्यावा आणि परतीचे विमान पोडगोरिका किंवा तिरानाहून धरावे. सर्बियाने भारतीयांना दिलेली व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत १ जानेवारी २०२३ पासून काढून घेतली. जुने लेख वाचून निघालेले अजूनही त्यात फसतात. असे नियम बदलत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वी त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

कोसोव्होचा मोह थेथहून होतो, कारण डोंगरापलीकडे तोच आहे. त्याने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले; भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, सर्बियाही देत नाही. अल्बानियातून कोसोव्होत शिरून तसाच सर्बियाकडे निघालेल्या प्रवाशाला सर्बिया बेकायदा घुसलेला मानू शकतो. मोटारीचा नेहमीचा विमाही तिथे सहसा चालत नाही, सीमेवर वेगळा घ्यावा लागतो. पहिल्या सहलीत हा फाटा न घेतलेलाच बरा.

गोव्यात आणखी एक गोष्ट घडते, जी महाराष्ट्रातील कुटुंबांत क्वचितच. एकाच गाडीत पोर्तुगीज पासपोर्टवाला मुलगा, भारतीय पासपोर्टवाली सून आणि आईवडील असतात. पोर्तुगीज नागरिकाला यांपैकी कुठेही व्हिसा लागत नाही, त्यामुळे ‘काही लागत नाही’ असे त्याने सांगितलेले घरातल्या सगळ्यांना लागू आहे असे गृहीत धरले जाते. गाडी मात्र एकच असते. एक जण नाक्यावर अडला की चौघेही अडतात. आराखडा नेहमी ज्याच्या पासपोर्टाला नियम सर्वांत कडक, त्याच्यावरून करावा. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. ती युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांसाठी आहे. नाक्यावरचा वेळ त्याने वाढतो, हे धरून चालावे.

शेंगेन व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा मॉन्टेनेग्रो-अल्बानियात चालतोच असे नाही. पॉलिसीतील देशांची यादी वाचावी. फोनचेही तसेच: क्रोएशियात घेतलेले युरोपीय संघाचे सिम सीमेपलीकडे महाग पडते, उलट पश्चिम बाल्कनमधील देशांत जुलै २०२१ पासून आपापसांत रोमिंग शुल्क नाही, म्हणून मॉन्टेनेग्रोत घेतलेले सिम अल्बानियात चालवता येते. चलन सोपे: क्रोएशिया आणि मॉन्टेनेग्रोत युरो, अल्बानियात लेक.

गाडी आणि चालवणारा

भाड्याची गाडी घेताना दराआधी एक प्रश्न विचारावा: ही गाडी मॉन्टेनेग्रो आणि अल्बानियात नेण्याची लेखी परवानगी मिळेल का? सगळ्या कंपन्या अल्बानियाला होकार देत नाहीत. होकार असेल तर अधिकारपत्र आणि ‘ग्रीन कार्ड’ नावाचा सीमापार विम्याचा दाखला गाडीत असावा. परवानगीविना सीमा ओलांडली तर विमा रद्द समजला जातो, आणि मग धडक छोटी असो की मोठी, खर्च घेणाऱ्याचा. विम्यातून टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा वगळलेला असतो. डोंगरी रस्त्यावर नुकसान नेमके यांचेच होते. अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. या प्रदेशात हाताने गिअर बदलण्याच्या गाड्याच जास्त. ऑटोमॅटिक हवी तर दोन-तीन महिने आधी सांगावे. वाहतूक कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना एक वर्ष चालतो आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवावा लागतो.

उजव्या बाजूने गाडी चालवण्याची भीती बहुतेकांना चौकात वाटते. खरी गफलत घाटात होते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडीचा बहुतेक भाग त्याच्या डावीकडे असतो. तिकडे चालक डावीकडे बसतो, गाडी उजवीकडे पसरते आणि शरीर जुन्याच सवयीने स्वतःला रस्त्याच्या जुन्या जागी ठेवू पाहते. परिणामी गाडी नकळत उजवीकडे सरकते. उजवीकडे म्हणजे मॉन्टेनेग्रोत कधी कडा, कधी दरी. पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने उजव्या चाकावर लक्ष ठेवून बोलत राहावे. हा उपाय कोणत्याही उपकरणापेक्षा उपयोगी आहे. चक्राकार चौकात वाहने डावीकडून येतात. अरुंद चढणीवर वर येणाऱ्या गाडीला अग्रक्रम, हा आपलाच नियम तिथेही चालतो. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न राहता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरावी. मॉन्टेनेग्रोत दिवसाही पुढचे दिवे लावावे लागतात. दारूची मर्यादा मॉन्टेनेग्रोत आणि त्याहूनही अल्बानियात इतकी खाली आहे की चालकाने जेवणासोबतचा एक प्याला, यजमानाने आग्रह केला तरी, रात्री गाडी लावून झाल्यावरच घ्यावा.

अल्बानियातील वाहतुकीबद्दल पर्यटक तक्रार करतात, तेव्हा एक गोष्ट विसरतात. कम्युनिस्ट राजवटीत तिथे खासगी मोटार बाळगण्यास बंदी होती. ती उठली १९९१ मध्ये. एका पिढीत पूर्ण देश गाडी शिकला आहे. वळणावर पुढे काढणारी गाडी दिसली की वेग कमी करून तिला जाऊ द्यावे.

बेत बोस्नियाकडे वळवून मोस्तार-सारायेवो पाहणाऱ्यांसाठी एकच कडक सूचना: १९९२ ते १९९५ च्या युद्धातील भूसुरुंग काही डोंगरभागांत अजून निघालेले नाहीत. छायाचित्रासाठी, नैसर्गिक विधीसाठी किंवा कोणत्याही कारणाने डांबरी रस्ता व मळलेली पायवाट सोडू नये. लाल पाटीवरची कवटी शोभेसाठी नसते.

चतुर्थीनंतरचा पंधरवडा

जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात कामाला गेलेले लाखो बाल्कनवासी गावी परततात. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की पत्रादेवीच्या नाक्यावर जी स्थिती होते, ती तिथे दीड महिना असते. मे महिन्यात किनारा सुंदर असतो, पण सेड्लो आणि थेथच्या खिंडी बंद असण्याची शक्यता राहते. जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे दोनच काळ असे की रस्ते खुले, समुद्र उबदार आणि नाकी सुसह्य. त्यांतही सप्टेंबर सरस. मात्र ऑक्टोबर सरता सरता हवा उलटते. तिकडचा पाऊस आपल्या उलट वेळी, हिवाळ्यात पडतो. कोटोरच्या मागचे त्सर्क्विस हे गाव वर्षाला सरासरी ४६०० मिलिमीटरच्या आसपास पावसासह युरोपातील सर्वांत ओल्या ठिकाणांत गणले जाते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नेहमी १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्यात अर्ज देण्याची वेळ मिळणेच कठीण होते. त्यामुळे विसर्जन आटोपून सप्टेंबरच्या मध्याला निघणाऱ्याने एप्रिलमध्ये कागद गोळा करावेत, मे अखेरपर्यंत अर्ज द्यावा, थेथ आणि झाब्लियाकच्या खोल्या रद्द करता येतील अशा अटीवर तेव्हाच धराव्यात, आणि गाडीचे पैसे व्हिसावरील प्रवेशसंख्या वाचून झाल्यावर भरावेत.